‘जाते’ आणि ‘जातो’मधला मार्च

परवा सकाळी खाली उतरलो तर पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांवर पिवळसर, मैद्यासारखी बारीक धूळ बसली होती. पुण्यात मार्चमध्ये धुळीचं काही नवल नाही, पण ही आपली धूळ नव्हती. आपली धूळ तांबूस आणि खरखरीत, झटकली की जाते. ही बोटांच्या रेषांत जाऊन बसली. वॉचमन म्हणाला, "साहेब, टीव्हीवर सांगत होते, अरबस्तानातून आलीये. समुद्र ओलांडून." मी स्कूटरच्या सीटवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. ओल्या खडूसारखा, जरासा खारट वास. ओळखीचा. कामावर जायला उशीर होत होता, तरी मी तिथेच उभा राहिलो. समुद्रापलीकडचा एक मार्च अंगावर उतरत होता.

कुवेतमध्ये या वाऱ्याला ‘तोझ’ म्हणत. आम्ही रुमैथियात एका कुवेती कुटुंबाच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन राहायचो. तोझ यायच्या आधी कबुतरं गप्प व्हायची. मग समोरच्या मशिदीचा मनोरा पुसट व्हायचा, रस्त्यापलीकडची बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान, दिसेनाशी व्हायची, आणि भर दुपारी सूर्य दुधात पडलेल्या नाण्यासारखा फिकट दिसायचा. आई ओले टॉवेल पिळून खिडक्यांच्या फटींत कोंबायची. तरी धूळ यायचीच. वरणात यायची, दातांखाली कचकच करायची, फिजिक्सच्या पुस्तकाच्या पानांवर बसायची. माझी बारावीची परीक्षा त्या मार्चमध्ये होती. आजही कुणाच्या घरी बारावीचं मूल असलं, दाराशी चपला काढताना आतून पाठांतराचा आवाज आला, की माझ्या जिभेवर धुळीची चव येते.

बाबा नाशिकचे. शुऐब्याच्या रिफायनरीत मेंटेनन्स इंजिनियर होते. तोझच्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरून घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या असत, सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी म्हातारा होऊन आल्यासारखा. आई सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. ती आली की आधी पाय धुवायची, मग माझ्या टेबलापाशी येऊन विचारायची, "काय गं, झालं का रिव्हिजन?"

"Almost done," मी म्हणायचो.

"मराठीत बोल की. घरात तरी."

पाहुणे आले की आई ओशाळून सांगायची, "शाळेचा परिणाम हो. इथली मुलं सगळी अशीच इंग्रजाळलेली." पाहुणेही मान डोलवायचे, कारण त्यांचीही मुलं इंग्रजीतच उत्तर द्यायची. माझं कारण वेगळं आहे हे कुणाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं.

मराठीत तोंड उघडलं की आपण कोण ते सांगावं लागतं. मी आले. मी जेवले. मी अभ्यास करते. दिवसातून शंभर वेळा मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागायचं की मी मुलगी आहे, आणि शंभर वेळा ते खोटं वाटायचं. ‘आलो’ म्हणायची छाती नव्हती. इंग्रजीत नुसतं ‘I’ म्हटलं की सुटका व्हायची. इंग्रजी चालणार नाही अशा ठिकाणी, आजीशी फोनवर बोलताना वगैरे, मी वाक्यं चुकवायला शिकलो होतो. ‘मी भात खाल्ला’ म्हणता येतं, तिथे सगळं भातावर सोडता येतं. ‘मी जेवलो’ म्हणता येत नाही. ‘मला भूक लागली’, ‘मला कळलं’, ‘मला जायचंय’ ही सगळी सुरक्षित वाक्यं. सतरा वर्षांचा होईपर्यंत माझी मराठी अशी ‘मला’च्या आडोशाने चालली होती.

त्या ‘मला’ने सुरू होणारं सगळ्यात मोठं वाक्य होतं, मला फौजेत जायचंय.

ते कुठून आलं ते मला नेमकं माहीत आहे. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बसने बसराहून बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून अम्मान, असे आम्ही निघालो. वाटेत केसांत उवा झाल्या म्हणून आईने एका तंबूत माझे केस कात्रीने अगदी बारीक कापले. अम्मानच्या विमानतळावर गणवेशातला एक भारतीय माणूस यादी हातात घेऊन उभा होता. हवाई दलाचा असावा. तीन रात्री झोपला नसेल असे डोळे, पण शर्टाला इस्त्री. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चलो बेटा, अब घर." आई म्हणाली, "मुलगी आहे हो ती." त्याने ऐकलं नसावं. तो सगळ्याच मुलांना बेटा म्हणत होता, हे मला पुढे मोठेपणी कळलं. पण दहाव्या वर्षी मला एवढंच समजलं की जगात एक गणवेश आहे, आणि तो घातलेला माणूस मला पहिल्या नजरेत ओळखतो.

युद्ध संपल्यावर बाबांना परत बोलावलं आणि आम्हीही परत गेलो. तेलविहिरींच्या आगी विझल्या होत्या, पण घराच्या पांढऱ्या भिंतींवर काजळी होती. वाळवंटात सहलीला गेलो तरी गाडीच्या चाकोरीबाहेर पाऊल टाकायची मनाई असे, कारण वाळूत सुरुंग होते. शाळेत शिकवायचे, चमकणारं काही दिसलं तर हात लावू नका.

आमच्या शाळेत पीटी शिकवायला माने सर होते. साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सव्वीस जानेवारीच्या संचलनात मुलींच्या तुकडीचा मी कमांडर असायचो. ‘सावधान’ म्हटल्यावर पन्नास जणी एका क्षणात ताठ व्हायच्या, आणि त्या क्षणी मला कुणी मुलगा किंवा मुलगी म्हणून बघत नसे. माझा आवाज तेवढा असायचा. त्या आवाजाचं मला व्यसन लागलं होतं.

घरी मी वर्तमानपत्रातली सैन्यभरतीची एक जाहिरात कापून केमिस्ट्रीच्या वहीत ठेवली होती. अविवाहित पुरुष उमेदवार, असं तिच्यात लिहिलेलं होतं. आईने तिच्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीकडून दुसरी जाहिरात आणली होती, लष्करी नर्सिंगची. अविवाहित महिला उमेदवार. "चार वर्षं शिक्षण, आणि मग थेट लेफ्टनंट," बाबा भाताचा घास हातात धरून म्हणाले. "लेफ्टनंट! कल्पना आहे का?" एक दार माझं होतं आणि ते बंद होतं. दुसरं उघडं होतं, पण त्यातून आत जायचं तर मला बाहेर ठेवून जावं लागणार होतं.

फिजिक्सच्या पेपरनंतर तोझ उठला म्हणून बसेस थांबवल्या होत्या. मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, माने सर तोंडावर रुमाल बांधून उभे होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

"सर, मला फौजेत जायचंय."

"मग जा की. आता पोरीबी अफसर व्हायल्यात."

"पोरगी म्हणून नाही, सर."

सरांनी रुमाल खाली केला. "म्हंजे?"

मी आधी इंग्रजीत सुरुवात केली, ते जमेना. मग म्हणालो, "सर, मला आतून असं वाटतं की मी मुलगी नाहीच. कधीच नव्हतं तसं. घरी माहीत नाही."

सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. रुमाल सोडून मानेवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "हे बघ, मी चोवीस वर्षं काढली तिथं. तुला खोटं सांगनार न्हाई. तिथं आंगुळ सगळ्यांसमोर, कपडे सगळ्यांसमोर. मेडिकलला अंगावर चिंधी ठेवत न्हाईत. पोरांत तुला घेनार न्हाईत. आन पोरींत गेलास, तर रोज खोटा सलाम ठोकशील. सलाम खोटा ठोकायचा नसतो."

‘गेलास’ म्हणाले ते. ‘गेलीस’ नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कुणास ठाऊक. मी मात्र टाकीला टेकलो.

"मग देशासाठी काही करायचं असेल तर?" मी विचारलं.

"देश म्हंजे काय नुसती बॉर्डर हाय का? तुझी आई काय करती?"

"नर्स आहे."

"तिला कुनी सलाम ठोकला कधी?"

"नाही."

"तरी जातीच ना रोज?" सरांनी घड्याळ बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर मला फौजेबिगर करमत न्हाई, हेबी खरं हाय. म्हनून हितं वाळवंटात येऊन पोरांना लेफ्ट-राइट करायला लावतो. तुझी तळमळ मला कळती. तिला औषध न्हाई माझ्याकडं."

एवढं सगळं कळूनही मी तो नर्सिंगचा फॉर्म भरला. हे मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. मनात म्हटलं, गणवेश तर मिळेल. खांद्यावर तारे तर येतील. बाकीचं सहन करू.

मे महिन्यात मी आणि आई पुण्याला आलो. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. मुलाखतीतल्या बाईंच्या खांद्यावरचे तारे, त्यांचं ताठ बसणं, मोजकं बोलणं, सगळं मला आवडलं. त्यांनी विचारलं, सैन्यातच का? मी म्हणालो, आम्हाला युद्धातून घरी आणणारा माणूस गणवेशात होता, त्याचं देणं आहे. त्यांनी मान हलवली. माझी निवड मेडिकलसाठी, म्हणजे शारीरिक तपासणीसाठी, झाली.

मेडिकलच्या दिवशी एका लांब व्हरांड्यात आम्ही रांगेत उभ्या होतो. पाहा, आजही त्या रांगेची गोष्ट सांगताना माझ्याकडून ‘उभे’ लिहिलं जात नाही. आतून एक कारकून यादी वाचत होता. "कुमारी," तो म्हणायचा आणि मग नाव. एकेक मुलगी आत जायची. बाहेर मैदानावर आधीच्या वर्षाच्या मुली कवायत करत होत्या, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, एका ठेक्यात. मला रडू येईल इतकं ते सुंदर होतं. मी स्वतःला त्यांच्यात उभं करून बघत होतो आणि मला तिथे कुणी दिसत नव्हतं. कपडे दिसायचे, टोपी दिसायची, आत माणूस नाही. माझं नाव पुकारलं. कुमारी. पुढे रोज सकाळी कुमारी, मग सिस्टर, मग मॅडम, पंधरा-वीस वर्षं. आणि मी नाही म्हटलं तर? तर काहीच नाही. सर म्हणणारंही कुणी नाही, मॅडम म्हणणारंही नाही.

मी टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, मला कागद परत हवेत. कारकून वयस्क होता. त्याने चष्मा काढला. "बेटा, यहाँ तक आके? सोच लो. दोबारा मौका नहीं मिलेगा." तो चांगल्या मनाने बोलत होता. मी सही केली.

आई बाहेर झाडाखाली डबा घेऊन बसली होती. मी सांगितलं तेव्हा तिने झाकण परत लावलं.

"का?"

"मला नाही जमणार."

"काय जमणार नाही? नर्सिंग?" तिचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "कमीपणा वाटतो का तुला? वीस वर्षं मी तेच करतेय. बेडपॅन उचलते म्हणून लाज वाटते आईची?"

नाही गं, असं नाही, हे मी दहा वेळा म्हणालो. पण खरं कारण सांगायचं तर जे क्रियापद लागलं असतं ते माझ्या तोंडून निघेना. परतीच्या विमानात आईने खिडकीकडे तोंड केलं ते कुवेत येईपर्यंत वळवलं नाही. त्या दिवसाच्या ज्या गोष्टीची मला लाज वाटते, ती हीच, की आईला मी तसं वाटू दिलं.

नंतर मी मुंबईला कृत्रिम हातपाय बनवण्याचं शिक्षण घेतलं. हे क्षेत्र सुचलं ते आईच्या हॉस्पिटलमुळेच. शाळा सुटल्यावर तिची ड्यूटी संपायची वाट बघत बसायचो, तेव्हा सुरुंगावर पाय पडलेले मेंढपाळ, मजूर, सैनिक कुबड्यांवर जाता-येताना दिसायचे. शिकून पुन्हा कुवेतला आलो आणि एका पुनर्वसन केंद्राच्या वर्कशॉपमध्ये लागलो. तिथे बायकांचा आणि पुरुषांचा विभाग वेगळा, पण वर्कशॉप मागे, दोघांचं एकच. तिथे सगळ्यांना सारखाच करडा ॲप्रन होता. तासाभरात केसांपासून बुटांपर्यंत सगळे प्लास्टरने पांढरे व्हायचे, मग कोण कोण ते ओळखू येत नसे. कागदावर मी बाईच होतो. त्या खोलीत मी हात होतो फक्त, आणि ते हात बरे होते.

पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. काही वर्षांत तिथे माझ्यासारख्यांना रस्त्यावर थांबवून कपड्यांवरून जाब विचारायला लागले, मग कायदाही आला. बाबा निवृत्त झाले, आम्ही पुण्याला आलो. शस्त्रक्रिया झाल्या, नाव बदललं. बाबा दोन वर्षं मला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हते. एक दिवस फोनवर कुणाला तरी म्हणाले, "हो, हो, पाठवून द्या, मुलगा घरी आहे." मी स्वयंपाकघरात होतो. गॅस बंद करून तिथेच उभा राहिलो.

अजूनही सव्वीस जानेवारीला टीव्हीवर संचलन लागलं की मी बसू शकत नाही. उभा राहून बघतो, दाराच्या चौकटीला धरून. त्या दिवशी आत गेलो असतो तर, हा प्रश्न पंचवीस वर्षांत जुना झालेला नाही. माने सर म्हणाले होते, सलाम खोटा ठोकायचा नसतो. पण त्या व्हरांड्यातून माझ्यासारखंच कुणीतरी आत गेलंही असेल. पोटात सगळं दाबून, जखमी जवानाच्या उशाशी जागत असेल. त्याच्या सलामाला मी खोटा म्हणणार नाही. मला ते जमलं नाही, एवढंच. माझ्या सचोटीपायी मी सोडलं असं सांगायला बरं वाटतं. कधी कधी वाटतं, नुसता घाबरलो होतो.

मुंबईहून शिकून मी पुन्हा कुवेतला आल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये सीमेपलीकडे इराकमध्ये पुन्हा युद्ध सुरू झालं. तोझचेच दिवस. या वेळी फटींत टॉवेल नव्हते, विषारी वायूच्या भीतीने आईने चिकटपट्टी लावली होती. दुपारचे बारा-एक वाजले असतील, सायरन वाजला. बाबा शुऐब्याला होते. आई आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसलो, पाण्याच्या बाटल्या, रेडिओ आणि बिस्किटं घेऊन. आई शांत दिसत होती.

"घाबरलीस?" तिने विचारलं.

"I'm okay."

तिने बिस्किटांचा पुडा सरळ करून ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या सगळ्या वह्या मी चाळल्यात, तू मुंबईला होतीस तेव्हा. केमिस्ट्रीच्या वहीत ती जाहिरात होती. पुरुषांची." तिने रेडिओचा आवाज कमी केला. "आणि तू मराठी का टाळतेस तेही हळूहळू कळलं. आजीला तू कधी ‘मी आले’ म्हणाली नाहीस. नेहमी ‘मला यायला उशीर झाला’. मी मोजलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नर्सिंगची लाज नव्हती ना तुला?"

"नव्हती आई. कधीच नव्हती."

"मग मराठीत बोल. तुला जसं यायचं तसं बोल. इथे कोण आहे ऐकायला?"

बाहेर सायरन अजून चालूच होता. मी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मी घाबरलो नाही," मी म्हणालो.

आईने माझा हात धरला. "मी घाबरलेय," ती म्हणाली. "तू बस माझ्याजवळ." पुढे कितीतरी महिने ती मला ‘गं’च म्हणत राहिली, मधेच अडखळत, मधेच थांबत. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच महिन्यात वर्कशॉपमध्ये फहद आला. कुवेती सैन्यात सुरुंग काढण्याच्या तुकडीत होता, पंचविशीचा. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. त्याचा नवा पाय मी केला होता, पण त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. पुरुष विभागातले सहकारी मापं आणायचे, मी मागे बसून घडवायचो. सॅंडल घालून, कुबडीच्या आधाराने, तो नीट चालत होता. पण आता युद्ध सुरू झालं होतं आणि त्याला तुकडीत परत जायचं होतं. आघाडीवर नाही, भांडारात, तरीही बुटांत. आणि लष्करी बूट त्या पायात शिरेना. मग वैतागून तो स्वतःच बूट काखोटीला मारून, कुबडी टेकत थेट आमच्याकडे आला.

"कुणी केलाय हा?" त्याने विचारलं.

आमचे प्रमुख उस्ताद समीर, इजिप्तचे, कानस चालवत होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"इन्ता?" फहदने मला विचारलं.

तू? अरबीतही ‘तू’ दोन असतात, पुरुषाला एक, बाईला एक. त्याने पहिला वापरला. प्लास्टरने मी पांढरा झालेलो, नाकावर मास्क, आखूड केस. मी उस्तादांकडे पाहिलं. त्यांना माझे कागद माहीत होते. त्यांनीही माझ्याकडे एक क्षण पाहिलं, आणि मान खाली घालून पुन्हा कानस चालवायला लागले.

"हो, मीच," मी म्हणालो.

मी त्याला बाकावर बसवलं आणि समोर जमिनीवर बसलो. लाकडी-रबरी पावलाला घोटा वाकत नाही, म्हणून बूट अडतो. मी पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, बुटाची नाडी शेवटपर्यंत सैल केली, आणि टाच हळूहळू आत सरकवली. मग पिशवी ओढून काढली. बुटाची टाच उंच, म्हणून तोल पुढे जात होता. पाना घेऊन घोट्याचा कोन दोनदा बदलला. तो उभा राहायचा, मान हलवायचा, परत बसायचा. शेवटी उभा राहिला आणि काही बोलला नाही, तेव्हा बरोबर बसल्याचं मला कळलं. मी नाडी बांधली. काळा, जड, पॉलिश केलेला बूट माझ्या मांडीवर होता. असा बूट मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरत होतो. गाठ मारायला लागतो त्याहून जास्त वेळ मी लावला. त्याने घाई केली नाही.

कुबडी त्याने बाकापाशीच ठेवली. छातीवर हात ठेवून मला शुक्रन म्हणाला, उस्तादांना सलाम केला आणि निघाला. आमच्या दाराबाहेर लांबच लांब फरशीचा कॉरिडॉर होता. मी हात पुसत दारात उभा राहिलो. तो वळला, दिसेनासा झाला, पण पावलं ऐकू येत होती. उजवं, डावं, उजवं, डावं. उजवं त्याचं स्वतःचं होतं. डावं मी केलेलं होतं, आणि ते फौजेत निघालं होतं.